अल्टोचे शॉकअप आणि मूलचा रस्ता

चंद्रपूरहून मूल, सावली करत गडचिरोलीला जाणारा रस्ता आमच्या रोजच्या वहिवाटीचा. लोहारा सोडलं की दोन्ही अंगांना जंगल लागतं, ते चिचपल्लीच्या पुढेही सुटत नाही. इथे करकचून ब्रेक लावायची वेळ येते ती रानडुकरांमुळे, नाहीतर एकाएकी उडी घेणाऱ्या चितळामुळे. आणि गेल्या पावसाळ्यानंतर आमची जुनी अल्टो नेमकी ब्रेकवरच नाक खाली घालू लागली होती. आल्लापल्लीकडे जाऊन आलं की पुढून खडखड वाढायची. घरचे म्हणायचे, "रस्ताच तसा आहे, गाडी काय करील?"

शेजारच्या काकांना ते पटेना. कोळसा खाणीच्या वर्कशॉपात त्यांची हयात गेली. त्यांनी बॉनेटचा कोपरा जोरात दाबला आणि सोडला. गाडीने एकदा वर येऊन थांबायला हवं होतं; ती डुलतच राहिली. मग त्यांनी मला टायरवर तळहात फिरवायला लावला. रबर कुठे उंच, कुठे खोल लागत होतं. आत वाकून पाहिलं तर शॉकअपच्या नळीवर गळलेलं तेल आणि लाल धूळ यांची जाड खपली बसलेली.

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम तिची उसळी जिरवणं. नळीतल्या तेलातून पिस्टनला बारीक छिद्रांवाटे वाट काढावी लागते आणि उसळीचा जोर तिथे उष्णता होऊन विरतो. सील फाटून तेल गेलं की स्प्रिंग मोकाट. चाक खड्ड्यातून उसळतं, क्षणभर रस्ता सोडतं, आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लागून गाडी थांबत नाही. शॉकअप म्हणजे पाठीला आराम, एवढंच मी तोवर धरून चाललो होतो.

काम घरीच करायचं ठरलं. पुढची जोडी एकदम बदलायची. एक नवा, एक जुना ठेवला तर गाडी एका बाजूला ओढते. गंजलेल्या नटांवर रात्रीच डिझेल सोडलं. सकाळी ऊन चढायच्या आत मागच्या चाकांना ओट लावली, चाकाचे नट जमिनीवरच सैल केले, जॅकने पुढचा भाग उचलून स्टँडवर टेकवला. चाक निघालं. ब्रेकचा पाइप शॉकअपवरून सोडवला. खालच्या दोन बोल्टांची जागा खडूने आखून ते काढले आणि हब तारेने बांधून ठेवला, नाहीतर त्याचं सगळं ओझं पाइपवर लोंबकळतं. मग वरचे नट सोडले आणि शॉकअप स्प्रिंगसकट हातात आला.

खरी भीती इथून पुढे. स्प्रिंगचा जोर वरच्या बैठकीवर असताना तिथला मधला नट सोडला तर ती माणसाचा जबडा फोडू शकते. काकांनी वर्कशॉपातून स्प्रिंग दाबायचे आकडे आणले होते. समोरासमोर दोन आकडे लावून बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळायचे. मी निरखायला वाकलो तशी मागून हाक आली, "स्प्रिंगसमोर तोंड नेऊ नोको, बाप्पा! डंपर असो का अल्टो, तिले ओळखपाळख नसते."

स्प्रिंग वरच्या बैठकीत सैल हलू लागली, तेव्हाच मधल्या नटाला पाना लागला. नवा शॉकअप उभा धरून दांडा पुरता खाली-वर केला, म्हणजे आतली हवा निघते. पहिल्यांदा दांडा सहज गेला, नंतर मात्र हाताला घट्ट, एकसारखा विरोध लागला. जुना दाबून पाहिला तर तो खाली गेला तो वर यायचं नावच घेईना. माऊंटिंगचं रबर चिरलं होतं, तेही बदललं. स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीच्या खाचेत बसवून सगळं उलट क्रमाने जोडलं.

खडूच्या खुणेवर बोल्ट आणले तरी चाकांचा कोन थोडा सरकतोच. त्यामुळे दुसऱ्या दिवशी चंद्रपुरात अलाइनमेंट करून घेतली. ते काम अंगणात होत नाही.

खड्ड्यांत आता गाडी उलट थोडी कडक वाटते. पण ब्रेकवर नाक खाली जात नाही आणि वळणावर स्टेअरिंग सांगितलेलं ऐकतं. झीज इतकी हळू होते की चालवणाऱ्याचं अंगच तिला सरावतं. म्हणून पावसाळा सरला की टायरची हवा बघण्याआधी मी बॉनेट दाबून बघतो. फुकटची तपासणी आहे, आणि ती घराच्या दारातच झालेली बरी. चिचपल्लीच्या जंगलात डुकरं आडवी आल्यावर तिचा उपयोग नाही.