अर्धवट खेळाचे पूर्ण पैसे

रात्री पुन्हा तोच मोह. स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात एक खेळ मनात भरला, पण पानावर निळ्या चौकटीत इशारा: ‘अर्ली अ‍ॅक्सेस’. खेळ अजून घडतोय, पैसे मात्र आत्ताच मोजायचे. ताबा कधी मिळेल ठाऊक नसताना फ्लॅट बुक करावा, तसलाच प्रकार.

नशीब फळफळतंही. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० मध्ये आला तेव्हा त्यात पहिलाच अंक होता. ऑगस्ट २०२३ मध्ये तो पूर्ण झाला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. याउलट ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम २’. फेब्रुवारी २०२३ मध्ये पन्नास डॉलरला विकायला काढला, तोही अडखळणारा, चुकांनी भरलेला. परग्रहांवरच्या वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांकडे झेप, सगळं ‘पुढे येईल’च्या यादीत. २०२४ मध्ये स्टुडिओच बंद पडला. यादी राहिली, पैसेही गेले.

मला विचाराल तर आश्वासनांना शून्य किंमत द्यावी. आज आहे तेवढाच खेळ पैसे वसूल करत असेल तर खुशाल घ्या. नाहीच पटला तर चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर स्टीम पैसे परत देतं.