जमिनीची ऊब

गेल्या पौषांत त्र्यंबकेश्वराहून मोखाड्यावरून जव्हारास जाण्याचा योग आम्हांस आला. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंच. मुकणे राजांचें हें जुनें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. २०१४ सालीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन झाल्यापासून हा मुलूख पालघर जिल्ह्यांत मोडतो. जयविलास राजवाडा पाहावयास येणारे प्रवासी येथील थंडीला गुलाबी म्हणतात. ती गुलाबी आहे खरी. पण अंगावर शाल असणारास!

मोखाड्याच्या अलीकडे एका वारली कुटुंबाच्या घरीं आम्हीं एक रात्र काढिली. कारवीच्या कुडाला शेणामातीचा गिलावा, एका बाजूस चूल आणि स्वच्छ सारवलेली जमीन. दिवसां पायांना गोड लागणारी ती जमीन पहांटे अशी गार पडली कीं, अंगाखालीं घोंगडी असूनहि आमची पाठ कळूं लागली. घरचीं माणसें चुलीभोंवतीं दाटीनें निजलीं होतीं. चुलीला अगदीं लागून घरची सून व तिचें वीस दिवसांचें बाळ. आजीबाई रात्रभर उठून एकेक लाकूड पुढें सारीत. धुरानें आमचे डोळे चुरचुरत होते आणि बाळ मधून मधून ठसकत होतें. धूर कां सोसतां, असें विचारतां आजीबाईंनीं सांगितलें कीं, धुरानें कुडाला व बियाण्याला कीड लागत नाहीं; शिवाय विस्तव विझला तर पोर गारठेल. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या.

आपल्याकडील वडीलधाऱ्या बायकांना यांत नवल वाटावयाचें नाहीं. बाळंतिणीच्या बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची चाल आपल्या घरांतूनहि पिढ्यान्‌पिढ्या होती. ऊब खालून यावी हें तत्त्व त्यांत होतें. उणीव एवढीच कीं, विस्तव खोलींतच असे. दारें-खिडक्या लावून कोळसे पेटविले म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु सांचतो. त्यास वास नाहीं, आणि निजलेल्या माणसास तो कळतहि नाहीं.

ही उणीव थंड देशांनीं युक्तीनें दूर केली. कोरियांतील जुन्या घरांत स्वयंपाकाच्या चुलीचा जाळ व धूर निजावयाच्या खोलीच्या दगडी जमिनीखालून नेऊन पलीकडच्या धुराड्यानें बाहेर सोडीत. या रचनेस ‘ओंडोल’ म्हणतात. एकाच लाकडावर भातहि शिजे आणि जमीनहि तापे. काश्मिरांतील हमामांत दगडी फरशीखालीं लाकडें जाळतात. प्राचीन रोमन लोकांच्या स्नानगृहांतहि जमिनीखालून तप्त हवा खेळविलेली असे. हल्लींच्या घरांत फरशीखालीं विस्तवहि नसतो. फरशींत नळ्यांचीं वेटोळीं पुरून त्यांतून साधारणतः ३५ ते ४५ अंश सेल्सिअस इतकें कोमट पाणी फिरवितात, आणि माणसें वावरतात तेथें फरशी २९ अंशांपलीकडे सहसा तापूं देत नाहींत. ही विस्तीर्ण फरशी पायांना स्पर्शानें व अंगाला उन्हासारख्या अदृश्य किरणांनीं ऊब देते. त्यामुळें हवा फारशी न तापवितांहि सुख वाटतें.

मग जव्हार-मोखाड्यांत नळ्या पुरावयाच्या काय? मुळींच नाहीं. दोन महिन्यांच्या थंडीसाठीं एवढा खर्च कोण करील? पण त्यांतील तत्त्व घेण्याजोगें आहे : विस्तव एकीकडे, ऊब दुसरीकडे. चुलीला धुराडें आणि अंथरुणाखालीं भाताच्या पेंढ्याचा जाड थर, एवढ्यानेंहि पुष्कळ साधेल.

ही गोष्ट येथें क्षुल्लक नव्हे. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनीं सारा महाराष्ट्र हादरला होता. अन्नाची टंचाई हें मूळ दुखणें. परंतु कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबी थोडी, म्हणून तें लवकर गारठतें, आणि प्यालेलें दूध वाढीऐवजीं ऊब राखण्यांत खर्ची पडतें. अशा बाळांसाठीं १९७८ च्या सुमारास कोलंबियांतील बोगोटा शहरीं डॉक्टरांनीं एक निराळीच रीत काढिली : उघडें बाळ आईच्या उघड्या छातीशीं धरून वरून पांघरूण घालावयाचें. आतां ती जगभर मान्य झाली आहे.

सकाळीं निघतांना आम्हीं हें आजीबाईंना सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें, सुनेकडे पाहिलें, बाळ तिच्या पदराखालीं सरकविलें आणि चुलींतलें लाकूड थोडें मागें ओढलें.

आपल्या घरीं बाळंतपण असेल तेव्हां वाचकभगिनींनींहि शेगडी खोलीबाहेर ठेवावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.