वारा फिरला की

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गिरगावची चाळ सोडून आम्ही बोरिवलीला, गोराईत राहायला आलो. बाबांना बैठ्या घरापुढच्या वीतभर अंगणाचं कोण अप्रूप! पहिल्याच रात्री वारा फिरला आणि आईने नाकाला पदर लावला. "अहो, हे काय?" ते कचऱ्याचं डम्पिंग होतं, 1972 पासून खाडीकाठी साठत आलेलं.

पाहुण्यांना बोलवायचं तेही वारा बघून. खाडीपलीकडच्या एस्सेलवर्ल्ड पार्कला निघालेली पोरं जेट्टीपर्यंत नाक दाबून जायची. उन्हाळ्यात ढीग धुमसायचा, दोरीवरचे कपडे पुन्हा धुवायला निघायचे. "डम्पिंग पेटलं," एवढं म्हणून खिडक्या लावल्या की विषय संपला.

त्या आगीला खाद्य पुरवणारा मिथेन आमच्याच घरचा होता. भाजीची देठं, शिळा भात हवेवाचून कुजला की जीवाणू हा वायू तयार करतात. डम्पिंगच्या वायूत तो साधारण निम्मा, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. गंमत म्हणजे मिथेनला वासच नसतो. आम्ही बोटं मोडली ती गंधकाच्या वायूंच्या नावाने. कामाचं जळण मुकाट्याने उडून जात होतं.

2007 नंतर कचरा येणं थांबलं. ढिगाला उतार दिला, माती आणि प्लास्टिकचं आवरण घातलं, विहिरी पाडून नळ्या सोडल्या. 2009 साली टेकडी हिरवी झाली. अशा नळ्यांतून वायू ओढायचा, पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड काढायचं, इंजिनात जाळून जनित्र फिरवायचं. ऐकायला सोपं! पण आपला कचरा ओला, हवा दमट, त्यामुळे तो झटपट कुजतो. झाकण बसेस्तोवर बराच वायू निसटलेला असतो. जुन्या ढिगातून वीज उपसण्यापेक्षा ओला कचरा तिथे जाऊच न देणं मला शहाणपणाचं वाटतं. हाजी अलीजवळ केशवराव खाड्ये मार्गावर हॉटेलांचा ओला कचरा बंद टाकीत कुजवून वीज करतात. 2022 पासून तिच्यावर मोटारी चार्ज करायचीही सोय आहे.

आमच्याकडेही आता ओल्याची बादली वेगळी असते. तीत प्लास्टिकची पिशवी दिसली की आई अजून ओरडते. खिडक्या रात्रभर उघड्या असतात. वारा फिरतो, पण हल्ली तो नुसता खारट असतो.