रिकामी टाकी

कुवेतला निघताना अब्बांनी आम्हा दोघा भावांना दोनच गोष्टी बजावल्या होत्या. अम्मीला दुखवू नका, आणि येझदीची टाकी काठोकाठ भरलेली ठेवा. पहिली आम्ही पाळली. दुसरीचं कारण काही कळलं नाही. उभ्या गाडीत पेट्रोल कशाला सडवायचं, म्हणून आम्ही ते नळीने काढून विकलं आणि गाडी पडवीत लोटून दिली.

वर कोकणातला पावसाळा. रिकाम्या टाकीतल्या हवेत ओलावा असतोच. रात्री पत्रा गार पडला की त्याला आतून दव धरतं, मग गंज. टाकी भरलेली असली की दवाला जागाच उरत नाही.

अब्बा परतले, झाकण उघडून त्यांनी बॅटरीचा उजेड आत टाकला. सगळं तांबडं. ते काही बोलले नाहीत, आणि तेच आम्हाला जास्त लागलं.

म्हैसूरला या गाड्या बनणं 1996 मध्येच थांबलं. तशी टाकी नवी कुठून आणणार? आतून लेप मारा, असं कुणी सुचवलं. अब्बा म्हणाले, "गंजावर मारलेला लेप पापुद्र्यासारखा सुटतो अन् कार्बोरेटरात जाऊन बसतो. आधी गंज काढा."

टाकी उतरवली. पेट्रोलचा वास जाईपर्यंत जवळपास काडी ओढायची नाही, ही ताकीद. कॉक काढून भोक बुचाने बंद केलं, गरम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून टाकी भरली. दुसऱ्या दिवशी मूठभर नट टाकून हलवली, तर विटकरी पाणी निघालं. मग नट काढून खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवलं, साध्या पाण्याने धुतलं आणि लगेच गरम हवेने सुकवलं. ओला पत्रा तासाभरातही पुन्हा गंजू लागतो. शेवटी आत ऑइल फिरवलं.

आताच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. त्यामुळे अब्बांचा जुना नियमही आता पुरत नाही. भरलेलं पेट्रोल वेळेवर संपवावं लागतं. गाडी फार दिवस उभी राहणार असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करून आत ऑइलचा हात द्यावा.

असरची नमाज आटोपून अब्बा मागच्या सीटवर बसले. पंपावर आम्ही विचारलं, "किती टाकू?"

"फुल," ते म्हणाले. "आणि उद्यापासून रोज बाहेर काढायची."