पोच हरवली, मोटर सुरू झाली

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत विहिरीची पाणीपातळी, मातीची ओल आणि मोटरचा स्टार्टर रेडिओवर जोडायचं काम मी घेतलं. पट्टा परवाना न लागणारा, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा. संदेश बिघडला की नाही हे ओळखायला मी बाइटांची नुसती बेरीज शेवटी चिकटवली. एका बाइटातल्या शून्याचा एक झाला आणि दुसऱ्यात त्याच जागच्या एकाचा शून्य, की बेरीज जशीच्या तशी राहते. ऐन मे महिन्यात विहीर काठोकाठ भरलेली दिसली, तेव्हा हे उमगलं. मग बेरजेऐवजी सीआरसी-१६ हा तपासणी-कोड घातला. दोनच बाइट जास्त लागतात, पण १६ बिटांपर्यंतचा सलग बिघाड तो हमखास पकडतो.

खरी फजिती पुढची. पोच आली नाही तर संदेश पुन्हा पाठवायचा, हा नियम मी सरसकट लावला होता आणि मोटरसाठी हुकूम ठेवला होता ‘स्थिती बदल’. एका रात्री हुकूम पोचला, मोटर बंद झाली, परतीची पोच मात्र वाटेत हरवली. यंत्राने इमानदारीत हुकूम पुन्हा पाठवला आणि मोटर पुन्हा सुरू. सकाळी बागेत तळं. मालक एवढंच म्हणाले, ‘‘भाऊ, बंद करायला मीच गेलो असतो की!’’ ‘बंद हो’ असा हुकूम आणि त्याला क्रमांक, एवढ्याने भागलं असतं. मग तो दोनदा पोचला तरी बिघडत नाही.

मी मात्र पुन्हा पाठवण्यावरच रागावलो. व्हॉयेजर यानाला पोच मागत बसता येत नाही, चुका पृथ्वीवरच दुरुस्त कराव्या लागतात, मग आपणही तसंच करू! आमची विहीर बांधापलीकडे होती, हे सोयीस्करपणे विसरलो. हॅमिंगचा १९५० सालचा कोड घेतला: चार बिटांमागे तीन तपासणीचे, एक बिट उलटला तर आपोआप सरळ. हवेत जाणारे बिट पाऊणपट वाढले. दुरुस्ती आहेच म्हणून सीआरसीही काढला. ही माझी सगळ्यात महागात पडलेली हुशारी. टेबलावर सुटे बिट बिघडवून पाहिले होते. शेतात स्टार्टरच्या ठिणगीसरशी ओळीने बिट जातात. सातांत दोन उलटले की हा कोड तिसराच उलटवतो आणि चुकीचा आकडा दुरुस्त म्हणून हाती ठेवतो. बिट आलटूनपालटून पेरले असते तर बिघाड वेगवेगळ्या गटांत विखुरला असता. सीडीत रीड-सॉलोमन कोडच्या जोडीला हीच युक्ती असते.

आता ओलीचा आकडा एकदाच जातो. सीआरसी जुळला नाही तर फेकून द्यायचा. पाव तासाने नवा येतोच, तेवढ्यात माती वाळत नाही. मोटरच्या हुकमाला क्रमांक आहे, पोच आहे, आणि ठराविक प्रयत्नांनंतरही ती आली नाही तर यंत्र हट्ट सोडून मालकाच्या फोनची घंटी वाजवतं.