बोटीत झोपायचं? मी नाही बा!

‘‘दिवसभर फिरू. जेवूसुद्धा बोटीवर. पण रात्री झोपायचं? मी नाही बा!’’

लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाचं सरप्राइज म्हणून केरळमधल्या अलेप्पीच्या हाउसबोटचं बुकिंग मी नवऱ्यासमोर ठेवलं, तेव्हाची ही रिअ‍ॅक्शन. नारळाची झाडं, संथ बॅकवॉटर, डेकवर जेवण... माझ्या डोक्यात अख्खा पिक्चर तयार होता आणि हीरो शूटिंगलाच यायला तयार नाही!

आमचा हीरो मूळचा बीडचा. पाणी म्हणजे टँकर, रांग आणि भांडणं, हे त्याचं बालपण. मी अलिबागची. समुद्र आमच्या घरातलाच एक माणूस. लग्नाआधी आम्ही गेटवेहून मांडव्याला लाँचने गेलो होतो, तेव्हा हा अख्खा प्रवासभर खांब धरून बसला होता. मी त्याचा फोटो काढला आणि आल्यावर सगळ्या फ्रेंड्सना दाखवला. जाम हसलो. तोही हसला. निदान मला तरी तसं वाटलं.

आधी मी पटवायला सुरुवात केली. ‘‘अरे, सगळे जातात. काही होत नाही.’’ घाबरलेल्या माणसाला हे वाक्य तुम्हीही कधीतरी ऐकवलं असेल. त्याने खरंच काही होत नाही! भीती तिथेच राहते. वर माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

शेवटी एका रविवारी पत्रकारितेतली सवय कामी आली. ‘‘भीती नक्की कशाची वाटते?’’ एवढंच विचारलं आणि चक्क गप्प बसले. उत्तरं एकेक करून आली. झोपेत बोट बुडाली तर? वाहत दूर गेली तर? अंधारात पाणी कुठल्या बाजूला आहे तेच कळलं नाही तर? आणि चौथं, खाली बघत, ‘‘मी घाबरलो आणि सगळे हसले तर?’’

पहिल्या तीन प्रश्नांना उत्तरं होती. बोटवाल्यांना फोन करून मी ती मिळवली. हाउसबोट रात्री चालतच नाही. संध्याकाळी साडेपाचच्या आसपास ती काठाला बांधतात, कारण त्यानंतर पाणी मच्छीमारांच्या जाळ्यांचं. म्हणजे रात्रभर इंजिन बंद आणि काठ फळीभर अंतरावर. आमचा हीरो पेशाने सिव्हिल इंजिनीअर, त्यामुळे बोटीचं स्ट्रक्चर कळल्याशिवाय त्याचं समाधान होणार नव्हतं. तर या बोटींचं मूळ नाव केट्टुवल्लम. केट्टु म्हणजे बांधलेलं, वल्लम म्हणजे होडी. जुन्या पद्धतीत फळ्या काथ्याच्या दोरीने शिवतात, खिळा मारत नाहीत. पूर्वी यातून भाताची पोती जायची. ‘‘खिळाच नाही?’’ म्हणून तो आधी हादरला आणि मग रात्री बारापर्यंत दोरीच्या टाक्यांबद्दल वाचत बसला. मी मनात म्हटलं, गाडी रुळावर येतेय.

चौथ्या प्रश्नाला मात्र फोनवर उत्तर मिळणार नव्हतं. मग मी एक डील केलं. बोटवाल्यांनी बोट जिथे बांधायचं कबूल केलं होतं, त्याच्या जवळच एका होमस्टेमध्ये त्याच रात्रीसाठी एक खोली घेऊन ठेवली. ‘‘रात्री कधीही ‘चल’ म्हण. मी का विचारणार नाही आणि नंतर कुणाला सांगणार नाही.’’ पैसे वाया गेले तर गेले.

नेत्रावती एक्स्प्रेसने ठाण्याहून थेट अलेप्पी गाठलं. पहिल्या दिवशी हाउसबोट नाहीच. सरकारी जलवाहतूक खात्याची कोट्टायमला जाणारी साधी प्रवासी बोट पकडली. अडीचेक तासांचा प्रवास. भाजीच्या पिशव्या, शाळेची पोरं, ऑफिसची माणसं. आपल्याकडे एसटी असते ना, अगदी तसंच. समोर एक आजी खिडकीला डोकं टेकवून मस्त डुलक्या काढत होत्या. नवरा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. माझ्या महिन्याभराच्या लेक्चरपेक्षा त्या आजींनी जास्त काम केलं.

दुसऱ्या दिवशी हाउसबोटवर चढताच आम्ही आधी लाइफ जॅकेट मागून घेतली. घालून पाहिली, पट्टे आवळले आणि ती पलंगाशेजारीच ठेवली. बाहेर पडायच्या वाटेवरून दोनदा चालून झालं. बोट चालवणाऱ्या काकांनी बोट बांधल्यावर लांब बांबू पाण्यात खुपसून काठाजवळची खोली दाखवली. बांबूचा ओला भाग त्याच्या खांद्यापर्यंतही आला नाही. कुणीही हसलं नाही.

जेवणात करिमीन फ्राय होता. त्याने दोन खाल्ले, म्हणजे मूड ठीक होता.

रात्री दोनला जाग आली तर शेजारी तो नाही. बाहेर काठावर नारळाच्या झाडाखाली बसला होता. मी शेजारी जाऊन बसले. काही विचारलं नाही, डील होतं ना. बऱ्याच वेळाने तोच बोलला. नऊ वर्षांचा असताना चुलत भावांनी पाठीला डबा बांधून त्याला विहिरीत ढकललं होतं, पोहायला शिकवायला. डबा सुटला. त्याला बाहेर काढलं, तेव्हा तो थरथरत होता आणि वर कठड्यावरची सगळी पोरं हसत होती.

मला मांडव्याचा तो फोटो आठवला. ‘‘सॉरी,’’ मी म्हटलं. कशाबद्दल, ते त्याला सांगावं लागलं नाही.

‘‘चल,’’ तो उठला. मी होमस्टेच्या दिशेने निघाले, तर हा फळीवरून परत बोटीत! आत जाऊन त्याने लाइफ जॅकेट घातलं, पट्टे आवळले आणि आडवा झाला. पाच मिनिटांत घोरायलाही लागला. नारिंगी जॅकेटमध्ये, सरळ, ताठ. खरं सांगते, फोटोसाठी हात शिवशिवत होते. पण कॅमेरा बॅगेतच राहिला.

सकाळी चहा पिताना मी त्याला विचारलं, ‘‘हे सगळं लिहू का?’’ त्याने घोट घेतला, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘लिही. घोरण्याचं सोडून.’’

सॉरी हं, तेवढं राहून गेलं!