पाच मुलांचं पाळणाघर आणि मराठीचा प्रश्न



नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या, तिकडची आपली नोकरी सोडून आलेल्या मैत्रिणी मला हमखास विचारतात, "अगं, घरच्या घरी पाळणाघर सुरू करता येतं का? चार आपलीच मराठी मुलं घेऊ, वरणभात करू, गाणी म्हणू." त्याचं उत्तर थोडं हो आणि थोडं नाही असं आहे. श्टुटगार्टजवळच्या एका गावात मी सहा वर्षं हेच काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाळणाघर काढायचं नसलं तरी वाचा. मूल सोडायला जाणाऱ्यांच्याही कामाचं आहे.

आधी कायद्याचं. दुसऱ्यांची मुलं पैसे घेऊन, त्यांच्या घराबाहेर, आठवड्याला 15 तासांहून जास्त आणि तीन महिन्यांहून जास्त काळ सांभाळायची असतील तर युगेंडआम्टची परवानगी लागते. अगदी एकच मूल असलं तरी! "ओळखीतलंच आहे" हे इथे चालत नाही. परवानगी पाच वर्षांसाठी मिळते आणि एका वेळी जास्तीत जास्त पाच मुलं घेता येतात. त्याआधी कोर्स (आमच्याकडे 300 तासिकांचा), लहान मुलांचं प्रथमोपचार प्रशिक्षण, गुन्ह्यांची नोंद नसल्याचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि गोवराच्या लशीचा पुरावा हे सगळं लागतं. कोर्स जर्मनमधून असतो, त्यामुळे भाषा बऱ्यापैकी हवीच. मग घर बघायला माणसं येतात. जिन्याला फाटक आहे का, औषधं कुठे ठेवता, मुलं झोपणार कुठे, सगळं बघतात.

व्हिसाचं म्हणाल तर जोडीदार म्हणून मिळालेल्या परवान्यावर नोकरी आणि स्वतःचा व्यवसाय दोन्ही करता येतं. ब्लू कार्ड ज्याच्या नावावर आहे त्याने मात्र आधी चौकशी करावी. पैसे बहुतेक युगेंडआम्टकडून येतात, दर मुलामागे, दर तासाला. अपघात विम्याचा हप्ता ते पूर्ण देतात, आरोग्य विमा आणि पेन्शनचा अर्धा. श्रीमंत कोणी होत नाही, पण घर चालायला हातभार लागतो.

या कामाला इथे टागेसमुटर म्हणतात, म्हणजे दिवसभराची आई. आपल्या लोकांना ऐकून "आया" वाटतं. तसं नाहीये. 1 ऑगस्ट 2013 पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, आणि ती जागा कीटामध्ये असो की टागेसमुटरकडे, कायद्याने दोन्ही सारख्याच.

आता वरणभात आणि गाण्यांकडे येते.

दोन वर्षांपूर्वी एक मराठी जोडपं दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आलं. आई म्हणाली, "ताई, तुम्ही मराठी आहात म्हणूनच पाऊण तास गाडी चालवून आलोय. दिवसभर त्याच्याशी मराठीतच बोला." मी नाही म्हटलं. जागा रिकामी राहिली तर माझे त्या महिन्याचे पैसे बुडतात, तरी नाही म्हटलं. कारण बाकीची चार मुलं. एक तुर्की घरातलं, एक पोलिश, दोन जर्मन. मी एकाशी दिवसभर त्याचीच भाषा बोलले तर उरलेली चौघं माझ्या तोंडाकडे बघत राहणार. आणि तिसऱ्या वर्षी हा मुलगा जेव्हा वीस मुलांच्या किंडरगार्टनात जाईल, तेव्हा "मला पाणी हवंय" हे त्याला कोणाला तरी समजेल असं सांगता यायला हवं.

पण तो रडला की मी त्याला मराठीतच जवळ घेते. झोपवताना, लंगोट बदलताना, पडल्यावर फुंकर घालताना मराठी. खेळताना, जेवताना, बाहेर चिखलात सगळ्यांबरोबर जर्मन. एका जर्मन आईने विचारलंच, "त्याला जास्त लक्ष मिळतं का?" तिला म्हटलं, तुमच्या मुलीला मी तिच्याच भाषेत समजावते, त्यालाही तेवढंच मिळतं. तिला पटलं. त्या मराठी जोडप्याने विचार करायला आठवडा घेतला, मग मूल पाठवलं. वरणभात मात्र शुक्रवारी सगळ्यांनाच असतो. पोलिश पोराला तूप जास्त लागतं.

"लिहायला कधी शिकवणार?" हाही ठरलेला प्रश्न. फ्रोबेलने याच देशात 1840 साली आपल्या संस्थेला "किंडरगार्टन" हे नाव दिलं, तेव्हापासून त्यातली मुख्य गोष्ट खेळच आहे. आणि हे काही परकं खूळ नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला जी बालवाडी सुरू केली, तिथेही शंख, शिंपले, पानं, माती हीच साधनं होती. तीन वर्षांचं मूल डब्याचं झाकण स्वतः लावतं, तेव्हा लिहिणाऱ्या बोटांचीच तयारी चाललेली असते.

मूल सोडणाऱ्यांना तीन गोष्टी सांगते.

एक, सवय लावायला महिनाभर हाताशी ठेवा. इथल्या प्रचलित पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर बसूनच राहतात, चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोडा वेळ बाहेर जातात. नोकरीचा पहिला दिवस आणि पाळणाघराचा पहिला दिवस एकच ठेवू नका.

दोन, गुपचूप सटकू नका. आपल्याकडे "बघ बघ चिऊ" म्हणून मागच्या दाराने निघायची पद्धत आहे. इथे "मी जाते, जेवल्यावर येते" असं सांगून जायचं. मूल रडेल. पण आई न सांगता नाहीशी होत नाही हे त्याला कळेल, आणि पुढच्या आठवड्यात ते तुमचा हात स्वतः सोडेल.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. घरी जर्मन बोलू नका. "तिथे त्याला सोपं जावं" म्हणून आईबाबा मोडक्या जर्मनमध्ये मुलाशी बोलतात, तेव्हा मुलाला जर्मन तर धड मिळत नाहीच, मराठीही जाते. माझ्याकडे ते आठ ते दोन असतं. दोनपासून झोपेपर्यंत ते तुमचं. भाजी चिरताना बोला, बसमध्ये बोला, आजीला फोन लावून नुसतं "हाय कर" म्हणण्यापेक्षा आज काय खाल्लं ते तिला सांगायला लावा.

जर्मन त्याला मी देईन, किंडरगार्टन देईल, बागेतली पोरं देतील. मराठी देणारं इथे तुमच्याशिवाय फारसं कोणी नाही, आणि त्याला कोर्सही लागत नाही, परवानगीही नाही.

ज्यांना खरंच पाळणाघर सुरू करायचंय, त्यांनी आधी आपल्या गावच्या युगेंडआम्टला फोन करा. कोर्सचे तास, भाषेची अट, दर हे सगळं गावोगावी बदलतं. काही अडलं तर विचारा, मुलं दुपारी झोपली की उत्तर देते.